स्पिनरबेट निवडताना: आधी पातं, मग वजन, रंग शेवटी

बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मागे नव्याने लागलेल्या माणसाची आमिषांची पेटी उघडली की एक गोष्ट हमखास दिसते. फिरत्या धातूच्या पात्यांचं बनावट आमिष, म्हणजे स्पिनरबेट, आणि तेही रंगारंगांचं. पांढरं स्पिनरबेट, पिवळं स्पिनरबेट, लाल डोळ्यांचं, निळ्या झालरीचं. रंग आठ, पण वजन सगळ्यांचं एक आणि पातीही सारखीच. पाण्यात गेल्यावर ती आठही जवळजवळ एकाच खोलीवरून, एकसारखी थरथरत येणार. माशाच्या बाजूने पाहिलं तर पेटीत एकच आमिष आहे.

म्हणून इथे मी क्रम उलटा लावतो आहे. आधी पातं ठरवायचं, मग वजन, मग तार आणि गळ तपासायचा. रंग सगळ्यात शेवटी. आमिष विकत आणलं म्हणजे काम संपलं असंही नाही. पक्कड, कात्री आणि बारीक कानस हाताशी असेल तर एकाच स्पिनरबेटची तीन-चार रूपं घरबसल्या करता येतात.

भाग ओळखून घ्या

उघडलेली सेफ्टी पिन डोळ्यांपुढे आणा. स्पिनरबेटची तार तशीच वाकलेली असते. खालच्या भुजेवर शिशाचं डोकं, त्यातून मागे निघालेला एकेरी गळ आणि गळावर सिलिकॉनच्या धाग्यांची झालर. वरच्या भुजेवर पाती. मागचं पातं तारेच्या टोकाला स्विव्हलवर, म्हणजे भोवरकडीवर, लटकतं. पुढचं पातं असलंच तर ते क्लेव्हिसमध्ये अडकवलेलं असतं. क्लेव्हिस म्हणजे घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली बारीक पट्टी, जी तारेभोवती फिरते. दोन पात्यांमध्ये अंतर राहावं म्हणून मधे मणी ओवतात. तार जिथे वळते तिथे दोरी बांधायची.

या आकाराला कारण आहे. गळाचं टोक वरच्या दिशेला असतं आणि वरची तार त्याच्यापुढे ढालीसारखी चालते. वाटेत फांदी आली की आधी तार आदळते, आमिष किंचित कलतं आणि गळ न अडकता फांदीवरून घसरून पुढे जातो. बास दबा धरून शिकार करतो. बुडालेला बुंधा, पाणवेलींची कड, धक्क्याखालच्या सावलीतला खांब, अशा जागी तो थांबतो. उघड्या तिहेरी गळांची आमिषं तिथे फेकायला हात धजत नाही. स्पिनरबेट मात्र अशाच जागांसाठी आहे, मोकळ्या पाण्यात ते फेकत बसलात तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

पातं: निम्मा निर्णय इथेच होतो

पात्यांचे प्रकार बरेच आहेत, सुरुवातीला तीन पुरतात.

कोलोरॅडो गोलसर आणि चमच्यासारखं खोलगट असतं. फिरताना ते मोठा घेर घेतं, भरपूर पाणी ढकलतं आणि त्याची धडधड थेट काठीच्या मुठीपर्यंत येते. ते आमिषाला वर उचलतंही, त्यामुळे अगदी सावकाश ओढलं तरी आमिष तळाला बसत नाही.

विलोलीफ नावाप्रमाणेच विलोच्या पानासारखं, लांब आणि दोन्ही टोकांना निमुळतं. ते तारेला धरून अरुंद घेरात फिरतं. धडधड कमी, चमक जास्त. उचल कमी असल्यामुळे वेगाने ओढलं तरी आमिष पृष्ठभागावर येत नाही, आणि पाणगवतात गुंतणंही कमी होतं.

इंडियाना थेंबाच्या आकाराचं, या दोघांच्या मधलं. थोडा ठोका, थोडी चमक.

यातून निवड कशी करायची हे समजायला मासा शिकार कशी ओळखतो ते लक्षात घ्यावं लागतं. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा जाते, आणि पाण्यातली हालचाल तिला कळते. गढूळ पाण्यात किंवा काळोखात डोळ्यांचं काम कमी होतं, तेव्हा बास या रेषेच्या भरवशावर आमिषापर्यंत पोचतो. तिथे कोलोरॅडोची धडधड हवी. स्वच्छ पाण्यात तो लांबूनच पाहतो, तिथे जास्त धडधड बुजवते आणि विलोलीफची चमक पळणाऱ्या लहान माशांच्या अंगासारखी वाटते.

पाणी किती गढूळ आहे हे नुसतं पाहून सांगू नका, मोजा. पांढऱ्या झालरीचं आमिष काठीच्या टोकाखाली हळूहळू सोडा आणि ते दिसेनासं कुठे होतं ते बघा. माझा ठोकताळा असा: ३० सेंटिमीटरच्या आत नाहीसं झालं तर गढूळ, एक-सव्वा मीटरपर्यंत दिसत राहिलं तर मध्यम, त्याहून खाली दिसलं तर स्वच्छ. गढूळ पाण्याला एकच मोठं कोलोरॅडो. मध्यम पाण्याला पुढे छोटं कोलोरॅडो आणि मागे विलोलीफ. स्वच्छ पाण्याला दोन विलोलीफ.

पात्यांना आकड्यांनी मापं असतात, आकडा वाढला की पातं मोठं. जोडपात्यांत पुढे २ किंवा ३ क्रमांकाचं कोलोरॅडो आणि मागे ४ किंवा साडेचार क्रमांकाचं विलोलीफ ही रुळलेली जोडी आहे. सुरुवात तिच्यापासूनच करा.

पाण्याचं तापमानही बघावं लागतं. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली बास सुस्त होतो आणि आमिषामागे फार धावत नाही. तेव्हा सावकाश ओढता येईल असं कोलोरॅडो. वसंतात पाणी तापू लागतं आणि बास विणीआधी उथळाकडे सरकतो, तो काळ स्पिनरबेटचा सर्वांत चांगला. त्या दिवसांत जोडपाती. शरदात लहान माशांचे थवे फिरू लागले की विलोलीफ.

पात्याच्या चकाकीबद्दल थोडक्यात. स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर निकेल, म्हणजे चंदेरी. मळकट पाणी किंवा ढगाळ दिवस असेल तर सोनेरी वा तांबूस. गुळगुळीत पात्यावरून प्रकाश एकाच मोठ्या झोताने परततो, ठोकून खळगे पाडलेल्या पात्यावर तो तुकड्यातुकड्यांत विखुरतो. फार स्वच्छ पाण्यात मला खळग्यांचं पातं जास्त भरवशाचं वाटतं.

वजन

स्पिनरबेटची वजनं औंसात असतात. १/४ औंस म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, ३/८ म्हणजे साडेदहा, १/२ म्हणजे १४ आणि ३/४ म्हणजे २१ ग्रॅम. हे वजन डोक्याचं असतं. पाती, तार आणि झालर धरून हातातला भार त्याहून जास्त भरतो.

पहिलं आमिष ३/८ औंसाचं घ्या. अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या पाण्यात ते सांभाळता येतं आणि फेकायलाही सोपं जातं. वारा असेल, पाणी खोल असेल किंवा भरभर ओढायचं असेल तर १/२. तळाजवळून ओढायचं असेल तर ३/४.

वजन कधीही पात्यापासून वेगळं मोजू नका. मोठं कोलोरॅडो आणि हलकं डोकं यांची जोडी जरा वेग वाढवला की आडवी होते किंवा गिरक्या घेऊ लागते, कारण पात्याच्या जोराला तोलून धरायला खाली पुरेसं शिसं नसतं. उलट जड डोक्यावर इवलंसं पातं लावलं तर आमिष दगडासारखं खाली जातं. पातं मोठं केलंत तर वजनही एक पायरी वाढवा.

तार आणि गळ: इथे काटकसर नको

तार साधारण ०.९ ते १ मिलिमीटर जाडीची असते. बारीक तार जास्त थरथरते आणि पात्याचा ठोका पूर्ण आमिषभर पोचवते, पण दोन-चार मोठे मासे लागले की वाकते. जाड तार टिकते, पण आमिष मुकं होतं. उथळ, मोकळ्या जागी बारीक आणि दाट लाकडात जाड, असा माझा कल आहे.

वरची भुजा किती लांब आहे तेही पाहा. तिचं टोक साधारण गळाच्या टोकाच्या वर यावं. फार लांब असेल तर मासा गळाऐवजी पात्यालाच तोंड लावून सुटतो. फार आखूड असेल तर गळाची ढाल कमी पडते. मुद्दाम आखूड भुजेची स्पिनरबेटंही मिळतात. एकच कोलोरॅडो असलेलं असं आमिष सैल दोरीवर खाली सोडलं तर पातं बुडतानाही फिरत राहतं. खांबांच्या कडेने सरळ खाली सोडायला आणि रात्री वापरायला ते उत्तम, पण ते दुसऱ्या टप्प्यावर घ्या.

खरेदी करताना दोन चाचण्या करा. पात्यावर हलकी फुंकर मारा. बॉलबेअरिंगचं चांगलं स्विव्हल असेल तर पातं लगेच गरकन फिरतं, अडखळलं तर सावकाश ओढताना पाण्यातही ते अडखळणार. मग गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढा. नखात रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. धार नसलेला गळ घरी कानशीने टोकाच्या दिशेने तीन बाजूंनी घासून सुधारता येतो. अडखळतं स्विव्हल बदलावंच लागतं.

आता रंग

बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, हिरव्याला आणि लालला प्रतिसाद देणाऱ्या. आपल्याला पांढरा आणि झगझगीत पोपटी-पिवळा यांत जेवढा फरक दिसतो तेवढा त्याला दिसत नाही. म्हणून आठ रंग जमवायचं कारण नाही. स्वच्छ पाण्याला किंचित पारदर्शक, लहान माशाच्या अंगासारखी राखाडी-पांढरी झालर. मध्यम पाण्याला पांढरी आणि पोपटी-पिवळी मिसळलेली. अगदी गढूळ पाण्यात किंवा रात्री काळी किंवा काळी-निळी. वर आकाशाचा उजेड असतो आणि बास खालून पाहत असतो, त्यामुळे काळ्या आकाराची कडा त्याला स्पष्ट दिसते.

पेटीत पहिल्यांदा काय असावं असं मला कुणी विचारलं तर मी तीनच सांगेन. ३/८ औंस, कोलोरॅडो-विलोलीफ जोडी, पांढरी व पोपटी झालर. १/२ औंस, दोन विलोलीफ, राखाडी-पांढरी झालर. १/२ औंस, एकच मोठं कोलोरॅडो, काळी झालर. सोबत सुटी पाती, चार झालरी आणि स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांना असते तशी दुहेरी कडी, उघडायची बारीक चोचीची पक्कड.

बदल करायला बसा

सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल म्हणजे मागचं पातं. ते स्विव्हलला स्प्लिट रिंगने जोडलेलं असतं. पकडीने कडी उघडा, जुनं पातं सरकवून काढा, नवं चढवा. पात्याची खोलगट बाजू तारेकडे असायला हवी. उलटी बसली तर पातं नीट फिरत नाही, आणि नव्या माणसाला हे पाण्यात बराच वेळ कळत नाही.

पुढचं पातं बदलणं जरा जिकिरीचं. त्यासाठी वरच्या भुजेच्या टोकाचा वेढा उघडून स्विव्हल बाहेर काढावं लागतं, मग मणी आणि क्लेव्हिस ओळीने सरकवायचे. काढताना ते ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने टेबलावर मांडून ठेवा. एकाच जागी तार दोन-तीनदा वाकवली की ती थकते आणि नेमकी मोठा मासा लागल्यावर तुटते. म्हणून हा बदल एका आमिषावर एकदाच करायचा. जोडल्यावर दोन्ही पाती बोटाने फिरवून पाहा. पुढचं पातं मागच्यावर आपटत असेल तर मधे एक मणी वाढवा किंवा पुढे छोटं पातं लावा.

कधीकधी पुढचं पातं काढून टाकणंच बरं. जोडपात्याचं आमिष थंड पाण्यासाठी हवं असेल तर पुढचं काढा, त्या जागी मणी ओवा, मागे मोठं कोलोरॅडो लावा.

चमक जास्त वाटली तर पातं बदलायचीही गरज नाही. न पुसल्या जाणाऱ्या काळ्या मार्करने पात्याचा अर्धा भाग रंगवला की चमक तुटक होते.

झालरीकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत आणि तिथेच मासे गमावतात. नव्या आमिषाची झालर बऱ्याचदा गळाच्या खूप मागेपर्यंत लोंबते. मासा शेवटचे धागे धरून ओढतो, गळ तोंडात जातच नाही. सगळे धागे मागे ताणून धरा आणि गळाच्या वळणाच्या मागे सुमारे एक ते दीड सेंटिमीटरवर कापा. एका सरळ रेषेत कापू नका. कात्री तिरकी धरून धागे लहानमोठे ठेवा, पाण्यात ते वेगवेगळे हलतात. थंड आणि स्वच्छ पाण्यात आमिष बारीक दिसावं म्हणून दहा-पंधरा धागे उपटून काढले तरी चालतं. उलट आमिष फुगीर हवं असेल तर झालर काढून उलटी बसवा. मग धागे पुढच्या दिशेला वळतात आणि ओढताना पाण्याच्या दाबाने छत्रीसारखे उघडतात.

झालरीचा रबरी पट्टा काही दिवसांनी सैल होऊन गळावर घसरतो. तिथे बारीक तांब्याच्या तारेचे पाच-सहा घट्ट वेढे द्या, टोकं पिळा आणि धाग्यांत दडवा. तेवढ्याने काम भागतं.

आमिष थोडं खोल जावं असं वाटलं तर झालरीखाली गळाच्या दांड्यावर शिशाच्या पातळ पट्टीचे दोन वेढे द्यायचे. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. काही ठिकाणी शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे, तिथे टंगस्टनचं किंवा बिस्मथचं डोकं घ्यावं लागतं.

झालरीमागे मऊ प्लास्टिकची शेपटीही लावता येते, तिला ट्रेलर म्हणतात. आठ-दहा सेंटिमीटरची, वल्ह्यासारख्या टोकाची शेपटी आमिषाला अंगाने मोठं करते आणि थोडी उचलही देते. मासे जोरात घेत असतील तर लावा, नुसते टोचून जात असतील तर सगळ्यात आधी तीच काढा.

तार सरळ करणं

हे प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर करायचं असतं. आमिष नाकासमोर धरून पुढून पाहा. वरची भुजा, दोरीची जागा आणि गळ एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. वरची भुजा डावी-उजवीकडे झुकली असेल तर बोटांनी हलकेच जागेवर आणा. मग पायाजवळच्या पाण्यात ओढून पाहा. ते एका कुशीवर कलत असेल तर भुजा अगदी किंचित एका बाजूला वाकवा आणि पुन्हा ओढा. कल वाढला तर दुसऱ्या बाजूला. एका वेळी केसभरच.

भुजांमधला कोनही तुमच्या हातात आहे. कोन उघडला तर थरथर वाढते आणि गळ मोकळा होतो. मिटला तर आमिष आटोपशीर होतं आणि दाट फांद्यांतून सहज निघतं.

पाण्यात

काठी दोन मीटरच्या आसपासची, कणखर पण टोकाला जरा लवचीक. रीळ ६:१ च्या जवळपासच्या गतीचं, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात दोरीची फिरकी सुमारे सहा फेरे घेते असं. दोरी १५ ते २० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) फ्लुरोकार्बन, ही पाण्यात कमी दिसणारी एकेरी दोरी; दाट पाणगवतात ३० ते ५० पौंडी विणलेली. तारेचं वळण उघडं असेल तर दोरी थेट पालोमर गाठीने, म्हणजे दोरी दुमडून घालायच्या गाठीने, बांधा. तिथे क्लिप लावली तर ती तारेवरून वर सरकते आणि आमिष उलटं होतं.

आमिष लक्ष्याच्या पलीकडे टाका आणि लक्ष्याजवळून ओढत आणा. पाण्याला टेकताच रीळ फिरवायला लागा, पातं फिरलं नाही तर काठीला छोटा हिसका द्या. बुंधा आला की टाळू नका, त्यावर आदळू द्या. आदळून आमिष बाजूला उडतं त्या क्षणी बास झडप घालतो. सावकाश ओढताना तळ मधूनमधून लागत राहायला हवा, वेगाने ओढताना पृष्ठभागाखाली पाण्याचा फुगवटा दिसावा पण तो फुटू नये.

मुठीतली धडधड सतत मनात मोजत राहा. ती अचानक थांबली तर ते बहुतेक वेळा गवत असतं, पण कधीकधी मासा मागून येऊन आमिष तोंडात घेऊन तुमच्याच दिशेने पोहत असतो. दोन्ही वेळी करायचं एकच: रीळ भरभर फिरवून दोरी ताणा आणि काठी आडवी, एका लांब ओढीत मागे घ्या. वर झटका मारू नका.

पकडलेला मासा परत सोडायचा असेल तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका, सुटका लवकर होते. मात्र सोडण्याचे नियम सगळीकडे एकसारखे नाहीत. जपानच्या बिवा सरोवरात बास बाहेरून आलेला मासा मानला जातो आणि तिथे पकडलेला बास परत सोडायला मनाई आहे. परवाना आणि गळांच्या संख्येचे नियमही आधी पाहून घ्या.

घरी आल्यावर आमिषं गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मऊ प्लास्टिकच्या शेपट्या काढून त्यांच्या मूळ पिशवीत ठेवा. झालरीला चिकटून राहिल्या तर दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि पेटीचं प्लास्टिकही खराब होतं.

मासा मागे येतो पण घेत नाही

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बदल एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी वेग: मध्येच अर्धा सेकंद थांबा, मग रिळाचे दोन फेरे भरभर. तरी नाही, तर ट्रेलर काढा आणि झालर आणखी अर्धा सेंटिमीटर कापा. मग मागचं पातं एक क्रमांक लहान करा. तरीही टोचून सुटत असतील तर मुख्य गळावर दुसरा गळ चढवा. त्याचं छिद्र मुख्य गळाच्या काट्यावरून जाईल एवढं मोठं हवं, टोक वर असावं, आणि तो निसटू नये म्हणून आधी छिद्रावर रबरी नळीचा छोटा तुकडा बसवा. फांद्या असतील तिथे हा दुसरा गळ अडकतो, तिथे तो काढून ठेवा. एवढं सगळं केल्यावरही मासा नुसताच मागे येत राहिला, तर त्याच जागी दोरीला वजनदार डोक्याचं दुसरं स्पिनरबेट बांधा आणि अर्धा मीटर खालून ओढून पाहा.